परक्याच्या पंगतीला

मी फ्रान्स पाहिलेले नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. तालुक्याच्या गावात मुलांना शिकवणारी, मॅट्रिकच्या इंग्रजीवर शब्दकोश उशाशी घेऊन वाचणारी बाई फ्रेंच जेवणाविषयी लिहिते, हे पाहून कुणाला हसू आले तर त्याचा मी राग मानणार नाही. मात्र मला लिहायचे आहे ते त्या जेवणाविषयी नाही. ते जेवून आलेल्या परदेशी प्रवाशांनी जे लिहून ठेवले आहे त्याविषयी. आमटी आळणी झाली की नाही हे चाखल्यावाचून सांगता येत नाही, हे खरे. पण वाक्य आळणी झाले आहे हे समजायला विमानात बसावे लागत नाही.

या विषयाकडे मी वळले ती एका टोचणीमुळे. माझ्या एका कादंबरीत वाड्यातल्या लग्नाची पंगत आहे. चांगली चार पाने ती चालते. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, उदबत्त्यांचा वास, आग्रह, सगळे काही यथासांग. मला ते प्रकरण फार आवडत असे. आमच्या नात्यातल्या एक मावशी आयुष्यभर लोकांच्या लग्नामुंजींत पोळ्या लाटायला जात. त्यांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतले आणि मला म्हणाल्या, "छान लिहिलंस गं. पण तुझ्या पंगतीत वाढतंय कोण? आणि एवढी पातेली मागाहून घासली कुणी?" मी हसून वेळ मारून नेली. रात्री ते प्रकरण उघडले तर खरोखरच त्यात पदार्थ आपले आपण पानात येऊन पडत होते. चूल नाही, धूर नाही, घाम नाही. मी लग्नघरातली नव्हतेच. मी तिथे जेवायला गेलेली बाई होते.

त्यानंतर खाण्यावरचे कुणाचेही लिहिणे वाचताना मावशींचा प्रश्न माझ्या कानाशी असतो. फ्रान्सवरची पुस्तके मी त्याच कानाने वाचली. फ्रान्सच का, तर त्या देशात खाणे हेच प्रवासाचे कारण होऊन बसले आहे. मोटारीची रबरी चाके विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९०० साली वाहनधारकांसाठी एक पुस्तिका काढली. माणसे जितकी हिंडतील तितकी चाके झिजतील, असा तो सरळ हिशेब. १९२६ पासून ती पुस्तिका चांगल्या जेवणाला तारे देऊ लागली, १९३१ मध्ये एकापासून तीनपर्यंतची चढण ठरली, आणि तीन तारे म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा असा अर्थ झाला. देवदर्शनाला जावे तसे लोक कालवणाच्या दर्शनाला निघाले.

'रेस्तराँ' या शब्दाची गंमत अशी की तो मुळात एका पातळ रश्श्याचे नाव आहे. आजाऱ्याला, अशक्ताला तरतरी आणणारा रस्सा. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात पॅरिसमध्ये असा रस्सा देणारी दुकाने निघाली आणि रश्श्याचे नाव दुकानाला चिकटले. त्याआधी वाटसरूला खाणावळीत ठरल्या वेळी, सगळ्यांबरोबर एकाच टेबलाशी बसावे लागे आणि पुढ्यात येईल ते खावे लागे. नव्या दुकानात त्याला वेगळे टेबल मिळाले, सोयीची वेळ मिळाली आणि पुढे हातात पदार्थांची छापील यादी मिळाली. खाणाऱ्याची सोय झाली. लिहिणाऱ्याची गैरसोय, माझ्या मते, तिथूनच सुरू झाली. यादी हातात आली की माणूस यादीच लिहू लागतो.

त्या आधीच्या खाणावळींतून गेलेला एक चिडका इंग्रजी कादंबरीकार आहे, टोबायस स्मॉलेट. त्याची फ्रान्स-इटलीची पत्रे १७६६ साली पुस्तकरूपाने आली. या गृहस्थाला वाटेवरचे काहीच पसंत पडत नाही. खाणावळवाले लुबाडतात, खोल्या घाणेरड्या, आणि लसूण तर सगळ्या कालवणांत इतका की जीव नकोसा होतो. लॉरेन्स स्टर्नने दोन वर्षांनी आपल्या प्रवासपुस्तकात त्याची यथेच्छ टर उडवली आणि तेव्हापासून स्मॉलेट म्हणजे तक्रारखोर प्रवाशाचा नमुना ठरला. मला हा न्याय कडक वाटतो. स्मॉलेट स्वतः वैद्य होता, छातीच्या दुखण्याने खंगलेला होता, आणि त्याची पंधरा वर्षांची एकुलती मुलगी १७६३ च्या वसंतात गेली होती. तोंडाची चव गेलेला माणूस प्रवासाला निघाला होता. पण नीस गावी पोचून त्याने घर भाड्याने घेतले, अंगणात संत्री-लिंबे आली, बाजारातून मासळी-भाजी घरी येऊ लागली, आणि पाहता पाहता त्याची लेखणी निवळते. कोणते मासे केव्हा मिळतात, फळे कोणती, मांस कुठून येते, हे तो एखाद्या गृहिणीसारखा नोंदवतो. खाणावळीत बसलेला स्मॉलेट आणि पिशवी भरण्याचा हिशेब ठेवणारा स्मॉलेट ही दोन माणसे आहेत. स्टर्नने पहिलाच पाहिला.

दुसरा प्रवासी आर्थर यंग. हा शेतीचा अभ्यासक. १७८७ ते १७८९ या काळात फ्रान्सभर हिंडला आणि १७९२ मध्ये त्याने आपली रोजनिशी छापली. फ्रेंच स्वयंपाक उत्तम, याविषयी त्याला शंका नाही. श्रीमंतांच्या टेबलांचे तो कौतुकही करतो. पण त्याच्या पुस्तकातले जे पान मी विसरू शकत नाही ते तिसऱ्याच ठिकाणचे आहे. १२ जुलै १७८९ ची नोंद. बॅस्तिल पडायला दोन दिवस आहेत, पण ते त्याला ठाऊक नाही. घोडीला विसावा म्हणून तो उतरून चढ चालतो आहे. एक गरीब बाई त्याच्याबरोबर चालू लागते आणि दिवस किती वाईट आले आहेत ते सांगते. नवऱ्याजवळ जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडे घोडे. त्यातून एका सरदाराला बेचाळीस पौंड गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या. दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक पैसा. शिवाय सरकारी कर आहेतच. मुले सात. गाईचे दूध सूपाला हातभार लावते. दुरून पाहिली तर साठ-सत्तरीची वाटावी इतकी वाकलेली ही बाई आपले वय सांगते अठ्ठावीस.

यंग यावर फारसे भाष्य करीत नाही. तो कोंबड्या मोजतो. पण ते मोजणेच मला एखाद्या कादंबरीएवढे वाटते. त्या काळच्या इतर प्रवाशांच्या पुस्तकांत सरदारांच्या टेबलावर जी भाजलेली कोंबडी येते, रसात न्हालेली, सुवासिक, ती कुठल्या चढावरून आली हे या एका पानाने कळते. मावशींनी हे पान वाचले असते तर त्यांनी यंगला पाट मांडून बसवले असते.

इथून मी एकदम पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसात उतरते. फ्रँक घसरलेला, डॉलर वजनदार. त्यामुळे अमेरिकन लिहित्या तरुणांची तिथे रीघ लागली होती. त्यांतल्या हेमिंग्वेचे 'अ मूव्हेबल फीस्ट' त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९६४ मध्ये बाहेर आले. त्यात भुकेवर एक प्रकरण आहे. तरुण लेखक दुपारचे जेवण चुकवतो, खाण्याचे वास येणार नाहीत अशा रस्त्यांनी बागेतून चालतो, आणि भुकेल्या डोळ्यांना सेझानची चित्रे अधिक स्पष्ट दिसतात. पुढे एका कथेचे मानधन हाती पडते आणि तो एका प्रसिद्ध उपाहारगृहात शिरतो. गार बियर, तेलातले बटाटे, वर मिऱ्याची पूड, मोहरीच्या चटणीखाली दडलेले सॉसेज, आणि उरलेले तेल पावाने पुसून खाणे. हे वर्णन फार सुरेख आहे. वाचताना माझ्यासारख्या शाकाहारी बाईच्या तोंडालाही पाणी सुटले, निदान बटाट्यापुरते तरी.

तरीही या भुकेवर माझा विश्वास बसत नाही. त्या घरात पत्नीच्या नावे ठेवलेल्या पैशाचे उत्पन्न येत होते, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की इथे भूक फोडणीसारखी वापरली आहे. ती चित्राला चव आणते, बियरला चव आणते, लेखकाच्या तारुण्याला चव आणते. जगप्रसिद्ध झालेल्या माणसाने साठीच्या उंबऱ्यावर बसून आठवलेली ही भूक आहे. आमच्या वर्गात सकाळी न जेवता आलेली मुले बसतात. त्यांना फळ्यावरची अक्षरे अधिक स्पष्ट दिसल्याचे मला तरी आढळलेले नाही.

याच वर्तुळाच्या थोडा बाहेरचा ए. जे. लीब्लिंग. न्यूयॉर्करच्या या लेखकाचे 'बिटवीन मील्स' १९६२ साली आले. १९२६-२७ मध्ये बापाच्या पैशाने तो पॅरिसला शिकायला गेला. अभ्यास किती केला देव जाणे, जेवणे मात्र मनापासून केली. त्याचा एक सिद्धान्त मला फार मोलाचा वाटतो. खाणे शिकायचे तर खिशात बेताचे पैसे हवेत, असे तो म्हणतो. श्रीमंत माणूस नेहमी महागडे तेच मागवतो, म्हणून स्वस्त तुकड्यांतून काय निघते ते त्याला कधीच कळत नाही. अगदीच कफल्लक माणसाला निवड करायची सोयच नसते. आज चांगली दारू घ्यावी की चांगले मांस, हा पेच ज्याला पडतो तोच चव ओळखू लागतो. मध्यमवर्गाची इतकी चविष्ट बाजू मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण लीब्लिंग मोह आवरू शकत नाही. त्याचा एक नाटककार मित्र एका दुपारी काय काय जेवत असे, ते तो सांगू लागतो: कच्चे हॅम आणि अंजिरे, कणकेत भाजलेले सॉसेज, माशाचे मुटके, कोकराची तंगडी, आर्टिचोक, चार-पाच तऱ्हांचे चीज, वर बोर्दो आणि शँपेन. वाक्य संपता संपत नाही. पहिल्यांदा वाचताना गंमत वाटते, दुसऱ्यांदा दम लागतो. असल्या जेवणाऱ्यांचा काळ गेला, वैद्यांनी सगळ्यांना घाबरवले, अशी त्याची हळहळ आहे. तो स्वतः १९६३ साली एकोणसाठाव्या वर्षी गेला. शाळेत दुपारची खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने ती चाखून वहीत शेरा लिहायचा असतो. 'चव चांगली' हा दोन शब्दांचा शेरा मी वर्षानुवर्षे लिहीत आले आहे. या पुस्तकाचे काही भाग वाचताना वाटले, हा माझाच शेरा आहे, फक्त दागिने घालून आला आहे.

आता ऑर्वेल. मूळ नाव एरिक ब्लेअर, जन्म १९०३ चा, आमच्या बिहारातल्या मोतीहारीचा. बाप अफूच्या खात्यात नोकर. त्याचे 'डाऊन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' १९३३ साली प्रसिद्ध झाले. उत्तम फ्रेंच खाण्यावरचे सर्वांत खरे पुस्तक हे, असे मी म्हणते तेव्हा ऐकणारे दचकतात, कारण त्यात उत्तम खाणे एकदाही धड नशिबी येत नाही. शेवटच्या पैशांचे दूध आणून तो दिव्यावर तापवतो; हातावर चढलेला ढेकूण टिचकीने उडवतो तो नेमका दुधात पडतो; दूध ओतून देऊन उपाशी राहायचे. इथे कुठल्या चित्राला उठाव येत नाही. पुढे पावाला लसूण चोळून खाणे. का, तर लसणाची चव तोंडात रेंगाळते आणि नुकतेच जेवल्यासारखे भासते. ज्या लसणाने स्मॉलेट वैतागला, त्या लसणाचा खरा उपयोग सांगणारा प्रवासी मिळायला एकशे साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

मग त्याला एका बड्या हॉटेलात भांडी घासण्याचे काम मिळते, आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. तळघरातला उष्मा, शिव्या, वेळेशी झटापट, पायाखाली साबणाचे पाणी आणि भाजीचा चोथा. या उकिरड्यात आणि पलीकडच्या आरसे-फुलांच्या जेवणघरात अंतर एका दाराचे. वाढपी ते दार ढकलतो त्या क्षणी त्याचा चेहरा, चाल, आवाज सगळे बदलते, हे ऑर्वेलने असे टिपले आहे की मी ते प्रकरण वाचून दोन दिवस दुसरे काही वाचले नाही. आचारी सूपात थुंकतो, मांसाचा तुकडा बोटांनी चाचपून मांडतो, बोटे चाटतो. जितके पैसे जास्त तितका पदार्थाला मानवी हात जास्त लागलेला. ऑर्वेल हे किळस आणायला सांगत नाही. त्याच आचाऱ्याची कसबाची घमेंड, गर्दीच्या दोन तासांत शंभर पदार्थांचे डोक्यात ठेवलेले गणित, याबद्दल त्याला आदर आहे. घाण आणि कसब ही दोन्ही तो एकाच हातात दाखवतो. याला मी समीक्षा म्हणते.

पॅरिसातच ऑर्वेलची एक मावशी राहत होती; तिच्या दाराशी तो केव्हाही जाऊ शकला असता, असा आक्षेप घेतला जातो. घ्यावा. प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट नेहमीच असते, यंगच्याही होते. परतीचे तिकीट असलेला माणूस त्या काळात बसला कुठे, एवढेच मी पाहते.

बसायची आणखी एक जागा आहे, आणि ती एका बाईला सापडली. एम. एफ. के. फिशर १९२९ साली नवविवाहित म्हणून बर्गंडीतल्या दिजाँ गावी आली. नवरा विद्यापीठात शिकत होता. दोघे एका कुटुंबात भाड्याने राहिली आणि जेवलीही तिथेच. 'द गॅस्ट्रोनॉमिकल मी' (१९४३) या पुस्तकात तिने त्या घरमालकिणीचे चित्र काढले आहे. बाई कमालीची चिक्कू. बाजारात इतरांनी टाकलेली, कलंडू लागलेली फळे-भाजी घासाघीस करून आणायची, आणि अंधाऱ्या, वीतभर स्वयंपाकघरातून त्यांचे असे काही करून वाढायची की फिशरला ते आयुष्यभर पुरले. लीब्लिंगने ज्याला बेताचा खिसा म्हटले त्याची ही दुसरी बाजू, चुलीकडची. युनेस्कोने २०१० साली फ्रेंचांचे जेवण मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले तेव्हा एखाद्या पदार्थाला तो मान दिला नाही. जन्म, लग्न, वाढदिवस अशा निमित्तांनी माणसांनी एकत्र बसणे, आधी पेय, मग निदान चार वाढी, त्यांचा ठरलेला क्रम, हे त्यात धरले आहे. हे सगळे घरातले आहे. पैसे देऊन ते मिळत नाही. कुणी बोलवावे लागते. फिशरही भाडे भरूनच तिथे शिरली, पण हळूहळू तिच्यासमोर घरातली भांडणेही वाढली जाऊ लागली, आणि मला वाटते ती खरी आत गेल्याची खूण.

ज्युलिया चाइल्ड १९४८ च्या नोव्हेंबरात आली आणि रुआँ गावी लोण्यातला मासा खाऊन थक्क झाली. थक्क होऊन पुष्कळ लोक घरी जातात. ही छत्तिशीची बाई दुसऱ्या वर्षी पाकशाळेत दाखल झाली. तिच्या 'माय लाइफ इन फ्रान्स' (२००६) मध्ये गद्य साधेच आहे, नवऱ्याच्या भावाच्या नातवाने शब्दांकन केल्याच्या खुणाही दिसतात. तरी फसलेल्या पदार्थांच्या हकिकती तिने जपून ठेवल्या आहेत, म्हणून ते वाचवते.

आमच्या मराठी प्रवासवर्णनांविषयी लिहायचे मी टाळत होते. 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली आणि परदेशात बावचळलेल्या मराठी माणसाला स्वतःवर हसण्याची ऐट मिळाली. त्या हसण्याचे पुढे अनुकरण फार झाले. बेडकाची तंगडी, गोगलगाय, वास मारणारे चीज, आणि शेवटी पिशवीतले मेतकूट: हा क्रम आता युनेस्कोच्या क्रमाइतकाच ठरून गेला आहे. खाता येत नाही ही तक्रार मी समजू शकते. मी तिथे गेले तर मीही पाव-लोणी खाऊनच दिवस काढीन. पण ज्याला खाता येत नाही त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायला कुणी अडवले आहे? जिभेला काम नसले तर डोळे मोकळे असतात. आमचे लेखक मात्र जेवणाच्या टेबलाशी बसून हसतात आणि उठून जातात. हे मी दुसऱ्यांना म्हणते आहे. माझे लग्नाचे प्रकरण मी अजून पुन्हा लिहिलेले नाही. दोनदा बसले. भांडी घासणारी बाई प्रकरणात आली की जिलबीचे वर्णन मागे हटते, आणि ते वर्णन टाकवत नाही.

फिशरच्या आधीच्या एका पुस्तकात, 'सर्व्ह इट फोर्थ' (१९३७) मध्ये, एक लहानसा तुकडा आहे. थंडीचे दिवस, स्ट्रासबुर्गमधली खोली. ती एका छोट्या संत्र्याच्या फोडी सोलून, शिरा काढून, वर्तमानपत्रावर मांडते आणि ते खोली तापवणाऱ्या नळांवर ठेवून देते. दुपारभर फोडी फुगत, कडक होत राहतात. मग खिडकी उघडून बाहेरच्या बर्फावर त्या क्षणभर ठेवायच्या आणि खायच्या. वरचे पातळ कवच दाताखाली तडकते आणि आतून गार रस येतो. हे सुख दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही असे तीच कबूल करते. इथे आचारी नाही, वाढपी नाही, घासायला भांडेही नाही; मावशींचा प्रश्न इथे लागूच होत नाही, आणि तरी हा तुकडा मला बाकी सगळ्या मेजवान्यांहून जवळचा वाटतो. का, ते मला नीट सांगता येत नाही.

गेल्या माघात मी नागपुरी संत्र्याच्या फोडी सोलून शाळेच्या पडवीच्या पत्र्यावर कागदावर ठेवल्या. ऊन कडक होते. बर्फ नव्हता, म्हणून माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवायचा बेत केला. तिसऱ्या तासाला जाऊन पाहिले तर फोडींना मुंग्या लागल्या होत्या, आणि कागदाच्या कडेच्या दोन-तीन कुणीतरी खाऊन टाकल्या होत्या. वर्गात विचारले. पाचवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गरम होत्या. पण वरून कुडकुडीत लागल्या."